आजोबांचे दोन मिनिटांचे पार्ट

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्याबद्दल आधीच माफी मागतो. मी नववीतून शाळा सोडली. ऱ्हस्व-दीर्घाशी तेव्हापासून माझा संबंध नाही आणि मोठे शब्दही मला येत नाहीत. पण मेश्राम साहेब म्हणाले, "सुर्वे, तू बोलत तर नाहीसच. निदान लिही." म्हणून लिहितो.

ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत पाइपच्या एका कारखान्यात मी एसी टेक्निशियन होतो. एसीचा फिल्टर आज धुतला तरी आठवड्याने त्यावर धुळीचा थर असतोच. धूळ येताना मात्र कोणाला दिसत नाही. किश्शांचंही तसंच आहे. तेव्हा काही विशेष घडतंय असं वाटलं नव्हतं. आता बघतो तर हा एवढा थर. आणि गंमत अशी की प्रत्येक किश्शात एक माणूस आहेच, ज्याला आमच्यापैकी कोणीही कधी भेटलेलं नव्हतं. आम्ही जन्मायच्या कितीतरी आधी तो वारला होता.

*

सुरुवात सेफ्टी ट्रेनिंगमध्ये झाली. आमचे सेफ्टी मॅनेजर इंग्रज होते. नाव पेंडल्टन. आमच्या कामगार कॅम्पने पहिल्याच आठवड्यात त्यांचं पेंडसे करून टाकलं. साठीचे, उंच, आणि पांढरी दाढी अशी की वाऱ्यात टायसारखी उडायची.

उंचीवर काम कसं करावं याचा व्हिडिओ दाखवायला त्यांनी हार्ड डिस्क लावली आणि चुकून दुसरीच फाइल उघडली. भिंतीवर काळंपांढरं चित्र आलं. आवाज नाही. एक दाढीवाला म्हातारा शिडीवर चढून रस्त्यावरचा दिवा पुसत होता. शिडी घसरली आणि म्हातारा खालच्या पाण्याच्या पिंपात. चाळीस माणसं एकदम हसली. साहेबांचे कान लाल झाले. घाईघाईने फाइल बंद करत ते म्हणाले, "सॉरी. माय ग्रँडफादर."

सगळ्यांनी हसू गिळलं. कोणाच्या आजोबांना हसणं बरं नव्हे. तेवढ्यात मागून तात्यांनी हात वर केला. तात्या मेस्त्री म्हणजे आमचे स्कॅफोल्डिंगचे, म्हणजे परांची बांधणाऱ्यांचे, फोरमन. वेंगुर्ल्याकडचे, गल्फमध्ये पंचवीस वर्षं झालेली. ते उभे राहून हिंदीत म्हणाले, "साब, दादाजी का सीढ़ी ऊपर से बाँधा नहीं था. और नीचे पकड़ने वाला भी कोई नहीं था."

कोणीतरी ते इंग्रजीत सांगितलं, तसे पेंडसे साहेब इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. त्या दिवशीचं ट्रेनिंग त्याच सिनेमावर झालं.

*

मग दर शुक्रवारी, नमाज आणि जेवणं आटोपली की मेसमध्ये शो. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर माझ्याकडे, कारण मला बोलावं लागणार नाही असं तेच एक काम होतं.

आजोबांची माहिती साहेबांनी थोडी थोडी सांगितली. मेश्राम साहेब ती मराठीत करायचे. मेश्राम साहेब नागपूरचे, क्वालिटीचे इंजिनियर, बायको-मुलीसोबत सोहार गावात राहायचे, पण शुक्रवारी दुपारी हमखास कॅम्पवर. तर आजोबांचं नाव अल्बर्ट. मुके सिनेमे नुकते सुरू झाले तेव्हा ते पंचविशीचे होते, पण पहिल्याच सिनेमात त्यांना सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याचं काम मिळालं. खोटी दाढी लावून ते इतकं चांगलं केलं की पुढे आयुष्यभर तेच. बटलर, पाद्री, स्टेशनमास्तर, जज्ज, चौकीदार. हिरो कधीच नाही. दोन मिनिटांचा पार्ट. बहुतेक वेळा नुसतं दार उघडायचं, पाहुण्याला आत घ्यायचं आणि निघून जायचं. साठेक सिनेमे केले. त्यातले अकरा उरले होते आणि ते अकराच्या अकरा साहेबांनी जगभरातून शोधून त्या डिस्कमध्ये ठेवले होते.

"साहेबांना हवंय काय पण?" तात्यांनी विचारलं.

मेश्राम साहेबांनी विचारून सांगितलं. युद्धात बॉम्ब पडून साहेबांच्या वडिलांचं घर जळलं. फोटो सगळे गेले. साहेब जन्मले तेव्हा आजोबा नव्हते. वडील म्हणायचे, तू हुबेहूब त्यांच्यावर गेलायस. पण उरलेल्या प्रत्येक सिनेमात आजोबांच्या तोंडावर ती दाढी. खरा चेहरा साहेबांनी कधी पाहिलेलाच नव्हता. कंपनीबरोबरचा करार दोन वर्षांनी संपणार, मग कायमचं घरी. त्याआधी कुठून तरी एक सिनेमा सापडावा, एक फोटो सापडावा, एवढीच इच्छा.

मग आमचा सुपरवायझर सलीम, जवळच्या सहम गावचा ओमानी, उठून उभा राहिला. "इन्शाल्ला मिलेगा," तो म्हणाला, आणि मला म्हणाला, "यल्ला, चालू करो."

*

आजोबांना सगळ्यात आधी कोण ओळखतो, अशी मग शर्यतच लागली. हरणाऱ्यांनी चहा पाजायचा. दर वेळी सलीमच जिंकायचा. आजोबांना नवीन टोपी, नवीन चष्मा, कुबड, काहीही असू दे, सलीम ओरडायचा, "आ गया!" चार महिने त्याने आमचा चहा प्यायला आणि मग कंटाळून स्वतःच गुपित सांगितलं.

"वो कान पकड़ता है."

बघितलं तर खरंच. आजोबा कोणत्याही वेषात असले तरी एकदा तरी डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून ओढायचे. जज्ज असताना निकाल देण्याआधी. बटलर असताना दार उघडण्याआधी. पेंडसे साहेबांनी ते सिनेमे शंभर शंभर वेळा पाहिलेले, पण त्यांच्याही हे लक्षात आलेलं नव्हतं.

"चालीस साल देखा, मालूम नहीं पड़ा?" सलीमने विचारलं.

मेश्राम साहेबांनी ते इंग्रजीत विचारलं. साहेब म्हणाले, ते कायम फक्त दाढीकडेच बघत होते.

*

दाढीवरून आठवलं. टाकीच्या आत काम करायचं तर तोंडाला मास्क लागतो आणि दाढी असेल तर मास्क नीट बसत नाही, गॅस आत जातो. म्हणून टाकीवाल्या टीमने रोज गुळगुळीत दाढी करायची, असा साहेबांचा कडक नियम होता. सकाळी गेटवर उभे राहून ते स्वतः हनुवट्या तपासायचे.

टाकीत परांची बांधायला तात्यांनाही उतरावं लागायचं आणि त्यांची दाढी भराभर वाढायची. एकदा साहेबांनी त्यांना दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा तात्या रक्ताचे दोन थेंब घेऊन आले आणि मेश्राम साहेबांना म्हणाले, "विचारा त्यांना. आमच्या हनुवट्या सोलता, आणि स्वतः विश्वामित्र होऊन फिरता?"

मेश्राम साहेबांनी हे सौम्य करून विचारलं. साहेब म्हणाले, मी टाकीत उतरत नाही. मग थोडं थांबून म्हणाले, आरशात बघितलं की निदान सिनेमातला तरी आजोबा दिसतो. तेवढंच काय ते आमच्यातलं साम्य मला ठाऊक आहे. म्हणून तिशीपासून ठेवलीय.

दुसऱ्या दिवशी तात्या इतकी गुळगुळीत दाढी करून आले की साहेबांनी तपासलीसुद्धा नाही.

*

आता तात्यांबद्दल एक सांगितलं पाहिजे. गल्फला यायच्या आधी पंधरा वर्षं ते दशावतारी नाटकात होते. स्त्रीपार्टी करायचे. म्हणजे राणी, गवळण, ऋषीची बायको, सगळं तेच. आमच्या कोकणात त्या नाटकांत बाईचं काम पुरुषच करतो आणि चांगला स्त्रीपार्टी असेल तर लोक दुसऱ्या गावाहून चालत येतात.

त्याचा परिणाम असा झाला की सिनेमातली एकही बाई तात्यांना बाई वाटेना. हिरॉइन आली की ते म्हणायचे, "हा पोरगा बरा आहे. पण डोळे फार फिरवतो."

"तात्या, ती बाई आहे," मेश्राम साहेब म्हणायचे.

"तुम्हाला काय, सांगतील ते खरं."

शेवटी मेश्राम साहेब चिडले. घरून त्या हिरॉइनची सगळी माहिती इंटरनेटवरून काढून कागदावर छापून आणली. जन्म कुठे, लग्नं किती. कागद तात्यांच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "हे बघा. तीन लग्नं. दोन मुलं. आता बोला."

तात्यांनी कागद हातातही घेतला नाही. "मग काय झालं? दोन मुलं तर मलाही आहेत."

त्या दिवसापासून भिंतीवर बाई दिसली की अख्खी मेस एका सुरात म्हणायची, "तात्या, बाप्या की बाई?" आणि तात्या काहीही म्हणाले तरी हशा.

*

मुक्या सिनेमात मधूनमधून इंग्रजीच्या पाट्या येतात. त्या मेश्राम साहेब मोठ्याने हिंदीत वाचायचे. एकदा त्यांच्या मुलीच्या शाळेचा कार्यक्रम होता म्हणून ते आले नाहीत. सगळे म्हणाले, सुर्वे वाचेल.

मला इंग्रजी येतं ते मशीनवरचं. ऑन, ऑफ, कूल, डेंजर. पाटी येईपर्यंत जीव मुठीत, आणि पहिले दोन शब्द लावेपर्यंत पाटी गायब. समोर पन्नास माणसं वाट बघतायत. मग मी सुचेल ते बोलायला लागलो. आजोबा त्यात बटलर होते. हिरॉइन रडत जिना उतरत होती आणि आजोबा खाली तिचा कोट घेऊन उभे. मी म्हणालो, "ये असल में उसका बाप है. लेकिन बोल नहीं सकता. गरीब है ना."

शेवटी ती घोडागाडीत बसून जाते आणि आजोबा दार लावून घेतात, तेव्हा बिहारचे दोन वेल्डर चक्क डोळे पुसत होते.

पुढच्या शुक्रवारी लोकांनी तोच सिनेमा परत लावायला सांगितला. मेश्राम साहेबांनी पाट्या वाचायला सुरुवात केली. "मालकीण, गाडी आली आहे."

"गलत!" मागून आवाज आला. "साब, आप बराबर नहीं पढ़ रहे. सुर्वे को दो."

मेश्राम साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी लॅपटॉपच्या मागे जेवढा मावेन तेवढा मावलो.

*

एका सिनेमात आजोबा सुरुवातीलाच मरतात. पलंगावर पडलेले, भोवती नातेवाईक, आजोबा कानाची पाळी ओढतात, मृत्युपत्र देतात आणि मान टाकतात. सलीम लगेच उठला. "खलास. अब क्या देखना है?" त्याच्या मागोमाग सगळे उठले. हिरो-हिरॉइनचं पुढे काय झालं याची कोणाला काही पडली नव्हती.

पेंडसे साहेब एकटे खुर्चीत बसून होते. मला काय वाटलं कोण जाणे, मी लॅपटॉपवरची व्हिडिओची पट्टी मागे ओढली. आजोबांची मान उशीवरून वर आली, डोळे उघडले, मृत्युपत्र हातात परत आलं आणि ते उठून बसले.

दारातून सलीमने वळून बघितलं. "जिंदा हो गया! बैठो, बैठो."

सगळे परत आले. त्यानंतर आमच्याकडे नियमच झाला. शो कोणताही असो, शेवटी तो पलंग लावायचा आणि आजोबांना उठवून मगच लाइट लावायचे.

*

अशी दोन वर्षं गेली. नवीन सिनेमा सापडला नाही, फोटोही सापडला नाही. साहेबांचा शेवटचा शुक्रवार आला. शनिवारी संध्याकाळचं विमान होतं. मेसवाल्याने शिरा केला होता. साहेबांना विचारलं, कोणता लावू? त्यांनी अकरातला सगळ्यात जुना निवडला. त्यात आजोबा पोस्टमन आहेत. भाडं थकवलेला एक तरुण, त्याची खाष्ट घरमालकीण, आणि एक पत्र, एवढीच गोष्ट.

हा सिनेमा फार खराब झालेला, म्हणून आम्ही तो एकदाच, सुरुवातीला लावला होता. तेव्हा तात्या सुट्टीवर गावी होते.

पोस्टमन आला, कान ओढला, टाळ्या पडल्या, पोस्टमन गेला. मग घरमालकीण आली. जाडजूड, डोक्याला कान झाकणारी झालरीची टोपी. मेस नेहमीप्रमाणे ओरडली, "तात्या, बाप्या की बाई?"

तात्या खुर्चीतून पुढे झुकले होते. ते हळूच म्हणाले, "बाप्या. आजोबाच तो."

एवढा हशा कधीच झाला नव्हता. मेश्राम साहेबही म्हणाले, "तात्या, आज तरी नको. शेवटचा दिवस आहे त्यांचा."

तात्या हसले नाहीत. माझ्याशी ते मालवणीत बोलायचे, मला झिला, म्हणजे पोरा, म्हणायचे. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "झिला, ती खुर्चेर बसली कशी ता बघलंस? आधी बसली, मगे झगो सावरलो. बाईक सवय आसता. बाप्याक आठवूचा लागता. ह्याच्यासाठी माज्या गुरूंनी माका काठयेन मारलेलो." मग हात झटकून म्हणाले, "जाव दे. माका कोण इचारता." आणि उठून दाराकडे निघाले.

माझं बोट आपोआप बटणावर गेलं. चित्र थांबलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दोन वर्षांत मी कोणाच्या सांगण्याशिवाय कधी काही थांबवलं नव्हतं.

पेंडसे साहेबांनी विचारलं, "एनी प्रॉब्लेम?"

मेश्राम साहेब सांगणार नव्हते. तात्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी उभा राहिलो. म्हणालो, "सर. धिस लेडी, नो लेडी. युअर ग्रँडफादर."

कोणी हसलं नाही. साहेब माझ्याकडे बघत होते. मला पुढचे शब्द येईनात. मी तात्यांना म्हणालो, "तात्या, करून दाखवा."

तात्या दारातून परत आले. मेसवाल्याच्या खांद्यावरचा टॉवेल घेऊन कमरेला गुंडाळला आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. आधी बसले, मग टॉवेल सावरला. "ये आदमी," ते म्हणाले. मग उठले, परत बसले. या वेळी काय केलं ते मला लिहिता येणार नाही. पण मिशीवाल्या त्या फोरमनच्या जागी क्षणभर एक बाई बसली होती. मेसमध्ये कोणीतरी घाईने पाय खाली घेतले.

"ये औरत," तात्या म्हणाले. मग भिंतीकडे बोट दाखवलं. "और पोस्टमन और ये औरत, एक साथ कभी नहीं आता. चिट्ठी देता है तो दरवाज़े के नीचे से सिर्फ़ हाथ आता है. कम आदमी हो तो हम भी ऐसा ही करते थे." मेश्राम साहेबांनी ते साहेबांना इंग्रजीत सांगितलं. मग तात्या मला म्हणाले, "झिला, फुडे सोड. हळू. हात बघ तेचो."

मी हळूहळू पुढे सोडलं. घरमालकीण तरुणाचं पत्र वाचते. वाचता वाचता विचारात पडते. तिचा डावा हात वर जातो, कानाकडे जातो, मध्येच टोपीची झालर लागते. हात थांबतो आणि खाली येतो.

"वल्लाह," सलीम म्हणाला.

मी मागे घेतलं. परत सोडलं. हात कानाकडे गेला, टोपी लागली, खाली आला. तिसऱ्यांदा तिथेच थांबवलं. भिंतीवर तिचा चेहरा मोठा आला. थोडी पावडर, बाकी काही नाही. लांब हनुवटी, मध्ये खळगा, रुंद गाल. दाढी नाही.

साहेब उठून भिंतीजवळ गेले. इतके जवळ की प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्या पाठीवर पडला आणि अर्धा चेहरा त्यांच्या शर्टावर आला. मग त्यांना ते कळलं, ते बाजूला झाले. हात वर करून त्यांनी स्वतःच्या दाढीवर तळवा ठेवला, सगळी दाढी झाकून टाकली, आणि तसेच उभे राहिले.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, किती वेळ असं थांबवून ठेवता येईल?

मी म्हणालो, "सर, चार्जर लगाया है."

शिरा गार झाला. त्या दिवशी पलंगाचा सिनेमा लावायची आठवण कोणालाच झाली नाही. जाताना साहेब तात्यांसमोर थांबले, त्यांचे दोन्ही हात धरले आणि निघून गेले. हार्ड डिस्क माझ्या लॅपटॉपलाच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीच्या आधी ती डिस्क रुमालात गुंडाळून मी साहेबांच्या घरी गेलो. बेल वाजवली. दार आजोबांनी उघडलं. हनुवटीवर, खळग्यापाशी, दाढी करताना कापलेल्या जागी कागदाचा कपटा चिकटवलेला होता. मी चपला काढल्या, डिस्क त्यांच्या हातात दिली आणि वाकून नमस्कार केला.